रेड वाढवायचाय, पण धंदा बंद न ठेवता

लिनक्सवरचा सॉफ्टवेअर रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून बनवलेला साठा, मोठा करायची कमांड मारायला अर्धं मिनिट पण लागत नाही, आणि त्यानंतर जे सुरू होतं ते दीड-दोन दिवस चालतं, कधी कधी आठवडाभर. खरं डोकं लावायचं ते त्या वेळात. पण नेटवर जिकडं बघाल तिकडं सगळे कमांड सांगून मोकळे होतात, पुढचं कुणी सांगत नाही. आणि सांगितलंच तर एकच सांगतात, स्पीड लिमिट मॅक्स, म्हणजे त्या कामाच्या वेगाची वरची मर्यादा, वाढवा. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, मॅक्स वाढवायचं फारसं कारणच नसतं, सगळा खेळ मिनचा, म्हणजे खालच्या मर्यादेचा आहे. ते कसं ते सांगतो, पण त्याआधी थोडं मागचं.

मी सोलापुरात छोटी ऑफिसं, फोटो स्टुडिओ आणि एमआयडीसीतले काही टॉवेलवाले यांचे सर्व्हर बघतो. सर्व्हर म्हणलं की एसी खोली आणि निळे दिवे असलं काही डोळ्यासमोर आणू नका, साधा डेस्कटॉप कॅबिनेट असतो, आत तीन-चार डिस्क, डेबियन (लिनक्सच) आणि सांबा (विंडोजवरून सर्व्हरच्या फाइली उघडायला), बास. रेडचं वेगळं हार्डवेअर कार्ड घालायचं बजेट कुणाकडं नसतं आणि खरं सांगायचं तर मला पण ते नकोच असतं. कार्ड उडालं की तसलंच कार्ड शोधत पुणे-मुंबई करा. एमडीचं, म्हणजे लिनक्समधल्याच सॉफ्टवेअर रेडचं, तसं नाही, डिस्क काढल्या आणि दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावल्या की अ‍ॅरे (जोडलेल्या डिस्कचा संच) उभा राहतो, कारण कुठली डिस्क कितव्या नंबरची ते प्रत्येक डिस्कच्या सुपरब्लॉकमध्येच, म्हणजे तिच्यावरच्या नोंदीच्या कोपऱ्यात, लिहिलेलं असतं.

आता विषय निघाला तो एका लग्नाच्या स्टुडिओवरून. तीन डिस्क, प्रत्येकी ४ टीबी, रेड ५, म्हणजे वापरायला ८ टीबी. पूर्वी हे दोन सीझन पुरायचं, आता फोर-केमध्ये शूट, त्यात ड्रोन, त्यात दोन-तीन कॅमेरे, आणि एक लग्न म्हणजे हळदीपासून सत्यनारायणापर्यंत सगळं. तुळशीच्या लग्नानंतर जे मुहूर्त सुरू होतात ते मालकांना श्वास घेऊ देत नाहीत. ९० टक्क्यांच्या वर डिस्क भरली, चौथी ४ टीबी आणून ठेवलेली, आणि मालकांची अट एकच, एडिटिंग थांबता कामा नये. दोन पोरं दिवसभर त्याच सर्व्हरवरच्या फुटेजवर टाइमलाइन ओढत असतात.

हे चालू अ‍ॅरेवर करता येतं हीच मुळात मोठी गोष्ट आहे. एमडीएडीएम, म्हणजे हे सगळं बनवायचं आणि सांभाळायचं टूल, लिहिणारे नील ब्राऊन यांनी चालू रेड ५ मध्ये डिस्क वाढवायची सोय कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आणली ती २.६.१७ मध्ये, २००६ साली. त्याआधी अ‍ॅरे बंद करून वेगळ्या टूलने वाढवायला लागायचा आणि मध्ये लाईट गेली की देवाचं नाव घ्यायचं.

होतं काय ते जरा नीट बघू, कारण ते कळलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप कळतात. तीन डिस्कच्या रेड ५ मध्ये प्रत्येक स्ट्राइपमध्ये (सगळ्या डिस्कवरून जाणारी डेटाची एक ओळ) दोन तुकडे डेटा आणि एक तुकडा पॅरिटी, म्हणजे एक डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढायचा हिशोब. चार डिस्क झाल्या की तीन तुकडे डेटा, एक पॅरिटी. म्हणजे चौथ्या डिस्कवर नुसती जागा जोडली जात नाही, आख्खा डेटा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून नव्या मांडणीत परत लिहायला लागतो, आणि तो पण त्याच डिस्कवर, त्याच जागेवर. यालाच रिशेप म्हणतात. नव्या मांडणीची पहिली स्ट्राइप लिहायची म्हणजे जुन्या पहिल्या स्ट्राइपवरच लिहायचं, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली तर जुनं पुसलेलं आणि नवं अर्धवट, अशी त्रिशंकू अवस्था. या सुरुवातीच्या भागाला क्रिटिकल सेक्शन म्हणतात आणि त्यासाठीच एमडीएडीएम बॅकअप-फाइल मागतं, म्हणजे तेवढ्या भागाची प्रत ठेवायला वेगळी फाइल. एकदा तेवढं पार पडलं की वाचायची जागा लिहायच्या जागेच्या पुढं पळायला लागते, कारण नव्या स्ट्राइपमध्ये जास्त मावतं, दर दोन नव्या स्ट्राइपमागं तीन जुन्या वाचून होतात, अंतर वाढतच जातं आणि मग लाईट गेली तरी एमडीला माहीत असतं कुठपर्यंत आलोय ते, चालू झाल्यावर तिथूनच पुढं.

बॅकअप-फाइल त्याच अ‍ॅरेवर ठेवायची नाही, हे सांगायची गरज पडू नये पण पडते. ओएसच्या एसएसडीवर किंवा वेगळ्या डिस्कवर ठेवा. नव्या एमडीएडीएमने बनवलेल्या १.२ मेटाडेटाच्या (सुपरब्लॉकचा एक प्रकार) अ‍ॅरेमध्ये डेटा सुरू होण्याआधी मोकळी जागा सोडलेली असते, त्यामुळं तिथं डेटाची सुरुवात थोडी सरकवून काम भागतं आणि बॅकअप-फाइल लागत पण नाही. तरी मी देतोच, काही बिघडत नाही.

आपल्याकडं लाईटचा प्रश्न आहेच. यूपीएस नुसता असून उपयोग नाही, बॅटरी किती मिनिटं टिकते ते एकदा प्लग काढून बघा. बऱ्याच ठिकाणी यूपीएस म्हणजे बीप करणारा दगड असतो. आणि बॅटरी संपायला आल्यावर मशीन स्वतःहून बंद होईल असं सेट करून ठेवा.

नवी डिस्क लगेच अ‍ॅरेत घालायची नाही. आधी स्मार्टची (डिस्कनं स्वतःची तब्येत तपासायची सोय) लाँग टेस्ट चालवायची, ४ टीबीला सात-आठ तास जातात, जाऊ द्या. मग जुन्या डिस्कसारखंच पार्टिशन, मग अ‍ॅड केलं की ती स्पेअर (राखीव डिस्क) म्हणून बसते, आणि मग ग्रो, म्हणजे वाढवायची कमांड देऊन डिस्कची संख्या (रेड-डिव्हायसेस) चार. जुन्या कर्नलवर आधी बिटमॅप (कुठं लिहिणं अर्धवट आहे त्याची नोंद) काढायला लागतो, नाहीतर रिशेपला नकार मिळतो, संपल्यावर परत लावायचा. कमांडचं अक्षर न अक्षर मी इथं देत नाही, मॅन पेज उघडा, आपल्या व्हर्जनचं वाचा, कुणाच्या तरी पोस्टमधून उचलून रूटमध्ये पेस्ट करायची ही जागा नाही, माझ्या पोस्टमधून तर नाहीच नाही.

आणि वेगळा बॅकअप घेतलाय का. रेड म्हणजे बॅकअप नाही हे आता पोरंटोरं पण सांगतात, पण रिशेपच्या वेळी ते पोटात गोळा येऊन कळतं. स्टुडिओत एक्स्टर्नल डिस्कचा ढीग असतोच, त्यावर ज्यांचा अल्बम आणि व्हिडिओ अजून द्यायचाय तेवढी लग्नं तरी काढून ठेवायला लावली.

बरं, आता वेग. ग्रो मारलं, /प्रॉक/एमडीस्टॅट उघडलं, तिथं बाणासारखी एक पट्टी, टक्के, फिनिश किती मिनिटांत आणि स्पीड केबी पर सेकंदात. सुरुवातीला मस्त दिसतं, ४०-५० हजार. ४० हजार धरलं तर ४ टीबीच्या डिस्कला साधारण २७ तास. (हा स्पीड एका डिस्कमागचा असतो, सगळ्यांचा मिळून नाही, हिशोब करताना एका डिस्कची साइज धरायची.) मालकांना सांगितलं उद्या रात्रीपर्यंत होईल. आणि सकाळी पोरं येऊन बसली, प्रोजेक्ट उघडले, की स्पीड घसरायला लागतो आणि फिनिशच्या पुढचा आकडा बघून डोळे पांढरे होतात.

हे असं का, तर कर्नलमध्ये दोन मर्यादा आहेत, स्पीड_लिमिट_मिन आणि स्पीड_लिमिट_मॅक्स, /प्रॉक/सिस/डेव्ह/रेड मध्ये. काही केलेलं नसेल तर मिन १००० आणि मॅक्स २०००००, दोन्ही केबी पर सेकंद, दोन्ही डिस्कमागं. मॅक्स म्हणजे काही झालं तरी याच्या वर जायचं नाही. आता साधी फिरणारी डिस्क रिशेप करताना २०० एमबीच्या जवळपास पण जात नाही, एकाच वेळी वाचायचं, लिहायचं, डोकं इकडून तिकडं पळवायचं. मग मॅक्स ५ लाख करून मिळणार काय. तरी लोक करतात आणि 'फरक पडेना' म्हणून फोन करतात. एसएसडीचा अ‍ॅरे असेल तर गोष्ट वेगळी, तिथं २००००० खरंच आडवं येतं.

मिनचं काम वेगळं आहे. एमडी दर थोड्या वेळानं बघतो की या डिस्कवर माझ्याशिवाय दुसरं कुणी लिहितंय-वाचतंय का. कुणी नसेल तर मॅक्सपर्यंत खुशाल पळतो. कुणी असेल आणि आपला स्पीड मिनच्या वर असेल तर तो मागं सरतो, जुन्या कर्नलमध्ये अर्धा सेकंद चक्क झोपायचा, नंतरच्या कर्नलमध्ये हातातलं काम पुरं होईपर्यंत नवीन काढत नाही. आणि स्पीड मिनच्या खाली असेल तर मात्र कुणाची पर्वा करत नाही, घुसतो. म्हणजे आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मानाच्या काठ्या निघाल्या की कितीही गर्दी असली तरी वाट सोडावीच लागते ना, मिन म्हणजे ती वाट, गर्दीतसुद्धा हक्काची.

आणि ती वाट मुळात केवढी ठेवलीय तर १०००, सेकंदाला एक एमबी. ४ टीबीची डिस्क सेकंदाला एक एमबीनं सरकवायची म्हणजे ४५ दिवस. गंमत नाही, भागाकार करून बघा. अर्थात इतकं खाली दिवसभर राहत नाही, मधे मधे फट मिळतेच, पण सतत गजबजलेल्या सर्व्हरवर रिशेप कासवाच्या पण मागं पडतो तो यामुळं. आणि जोपर्यंत रिशेप चालूय तोपर्यंत जोखीम चालूय, हे विसरायचं नाही, सगळ्या डिस्क पूर्ण घासल्या जातायत आणि त्यात एक गेली तर उरलेल्यांवर अजून ताण.

म्हणून माझी पद्धत अशी की मिन आणि मॅक्स दोन्ही घड्याळावर ठेवायचे. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दोन ओळी. रात्री पोरं गेली की मॅक्स परत मूळच्या २००००० वर आणि मिन ५००००, कुणी काही करत असलं तरी रिशेपला प्राधान्य. सकाळी दुकान उघडायच्या आधी मिन ५००० आणि मॅक्स १५०००. इथं मॅक्स उपयोगाला येतो, पण वाढवायला नाही, कमी करायला. कारण एमडी मागं सरतो म्हणलं तरी त्याला कळेपर्यंत जो झटका बसतो तो टाइमलाइनवर जाणवतो, प्लेहेड अडकतो, ऑडिओ पुढं आणि चित्र मागं. एडिटिंगवाल्याला सरासरी स्पीडशी काही देणंघेणं नसतं, त्याला अडकायला नको असतं. दिवसा १५ हजारावर बांधून टाकला की तो अडकणं जवळजवळ बंद होतं.

हे सेट करायचं कसं तर दोन जागा आहेत. /प्रॉकमधली मर्यादा सगळ्या मशीनला लागू. एकाच अ‍ॅरेला लावायची असेल तर /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी मध्ये सिंक_स्पीड_मिन आणि सिंक_स्पीड_मॅक्स अशा फाइली आहेत. त्या कॅट कमांडनं उघडून बघितल्या की आकड्यापुढं कंसात सिस्टिम किंवा लोकल असं दिसतं, सिस्टिम म्हणजे वरची मर्यादा चाललीय, लोकल म्हणजे या अ‍ॅरेची स्वतःची. लोकल लावून ठेवलेलं असेल आणि तुम्ही /प्रॉकमध्ये आकडे बदलत बसलात तर ढिम्म हलत नाही, मग लोक कर्नलला शिव्या घालतात. त्या फाइलीत सिस्टिम असं लिहिलं की परत वरच्यावर येतं. आणि यातलं काहीच रिबूटनंतर राहत नाही, /प्रॉकमधलं कायमचं हवं असेल तर सिससीटीएलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाइलीत टाका. मी कायमचं टाकत नाही, का ते शेवटी येतंय.

पहिल्या दिवशी दुपारी मालकांचा फोन आला, "सर, सर्व्हर लै हळू झालाय की ओ, पोरं नुसती बसून हायत." गेलो तर सातरस्त्याला ट्रॅफिक, पोचेपर्यंत घामाघूम. बघतो तर सर्व्हर आपला व्यवस्थित, मॅक्स बांधलेला, आणि एक पोरगा ड्रोनच्या कार्डावरचं सगळं फुटेज एकदम कॉपी करत होता, नेटवर्क त्यानंच भरलेलं. रिशेपचा काही संबंध नाही. पण हे लक्षात ठेवा, एकदा का तुम्ही सांगितलं की आज सर्व्हरवर काम चाललंय, की त्या आठवड्यात प्रिंटर अडकला तरी कारण तेच असतं.

तरी मालकांच्या समाधानासाठी त्यांच्यासमोर पूर्ण थांबवून दाखवला. सिंक_अ‍ॅक्शन नावाची फाइल असते, त्यात फ्रोझन लिहिलं की जे चाललंय ते थांबतं आणि परत सुरू पण होत नाही. आयडल लिहिलं की पण थांबतं, पण एमडी लगेच परत उठून बघतो की काही बाकी आहे का, आणि बाकी असेल तर पुन्हा चालू, त्यामुळं आयडलनं रिशेप थांबवायला गेलेला माणूस गोंधळतो. फ्रोझन करून ठेवलेलं सोडवायला मात्र आयडलच लिहायचं. "आता चालतंय बघा काय," म्हणलं. मालक म्हणाले, "तसंच हाय की ओ." मग कार्ड कॉपी होईपर्यंत पोरांना चहाला पाठवलं आणि रिशेप सोडून दिला.

स्ट्राइप कॅशचं (स्ट्राइपचं काम करायला रॅममध्ये ठेवलेली जागा) पण बोललं पाहिजे, रेड ५ आणि ६ ला. स्ट्राइप_कॅश_साइज मुळात २५६ असते, फार कमी आहे. ४०९६ किंवा ८१९२ केली की रिशेपचा आणि एरवीच्या लिहिण्याचा पण वेग बऱ्यापैकी सुधारतो. हे आकडे केबी किंवा एमबी नाहीत हे ध्यानात घ्या, रॅम किती खाणार ते काढायचं तर तो आकडा गुणिले पेज साइज ४ केबी गुणिले डिस्कची संख्या, म्हणजे ८१९२ आणि चार डिस्कला १२८ एमबी. ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर हे चालतं, ३२ हजारावर नेऊन ठेवलंत तर अर्धा जीबी नुसता त्यातच अडकला. फुकटचा फायदा आहे, मिनच्या आधी हेच करा.

उन्हाळा. हे पुण्या-बेंगळुरूच्या लोकांच्या ब्लॉगमध्ये येत नाही कारण त्यांना लागत नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला जातो, त्यात पत्र्याच्या शेडखालचं ऑफिस, आणि चार डिस्क चोवीस तास रगडून चाललेल्या. बऱ्याच डिस्कची कंपनीनं दिलेली मर्यादा ६० अंश असते, पण मी ५० च्या वर गेलं की मॅक्स कमी करतो. डिस्क कमी पळाली की तापमान काही अंशांनी उतरतं, लगेच नाही पण अर्ध्या-पाऊण तासात उतरतं. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात तर अजून एक, कापसाचे तंतू. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर असा जाड थर बसतो की बोटानं ओढला तर आख्खी पट्टी निघते, गोधडीच्या आतल्या कापसासारखी, आणि आतला पंखा नुसता फिरतोय, हवा शून्य. तिथं कुठलंही रिसिंक (डिस्क परत एकमेकींशी जुळवणं) चालू करायच्या आधी ब्लोअर मारणं हे माझ्या यादीत बॅकअपच्या लगेच खाली आहे.

त्या कारखान्याचा अ‍ॅरे वेगळा, रेड १, म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा, आत जॅकार्डची डिझाइनं आणि टॅली. तिथं डिस्क वाढवायची नव्हती, मोठी करायची होती. तो रस्ता मला रिशेपपेक्षा कितीतरी आवडतो. नवी मोठी डिस्क स्पेअर म्हणून घालायची आणि जुनीला फेल न करता रिप्लेस सांगायचं, कर्नल ३.३ पासून ही सोय आहे. फरक असा की फेल करून बदललं तर कॉपी होईपर्यंत तुम्ही एका पायावर उभे, रिप्लेसमध्ये जुनी डिस्क शेवटपर्यंत अ‍ॅरेतच राहते आणि कॉपी पुरी झाल्यावर बाजूला होते. एक झाली की दुसरी, मग ग्रो करून साइज मॅक्स. मग फक्त वाढलेल्या भागाचं रिसिंक चालतं. अ‍ॅझ्युम-क्लीन देऊन ते पण टाळता येतं पण मी टाळत नाही, एक रात्र जाते, जाऊ द्या.

कधी रिसिंकपुढं डिलेड असं दिसतं, घाबरायचं कारण नाही, त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या पार्टिशनचा अ‍ॅरे चालू असतो, तो संपला की याची पाळी, दोन्ही एकदम केले तर डिस्कचं डोकं पिसाळल्यासारखं पळेल म्हणून एमडीच एकाला थांबवतो. पेंडिंग दिसलं तर अ‍ॅरे अजून रीड-ओन्ली आहे, पहिल्यांदा काही लिहिलं गेलं की चालू होईल.

लहान करायचं मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणतो. होतं, पण फाइलसिस्टिम आधी लहान करायची, ईएक्सटी४ असेल तर अनमाउंट करून, मग अ‍ॅरे-साइज कमी करून सगळं वाचता येतंय का बघायचं, मग डिस्क कमी करायची, आणि एक्सएफएस असेल तर विषयच संपला. इतका उपद्व्याप करण्यापेक्षा डेटा काढा आणि नवा बनवा.

रिशेपच्या मधेच डिस्क बाहेर फेकली जाणं ही सगळ्यात वाईट गोष्ट, आणि बऱ्याचदा डिस्क गेलेली पण नसते. साध्या डेस्कटॉपच्या डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती हट्टानं प्रयत्न करत बसते, मिनिट-दोन मिनिटं. कर्नल ३० सेकंद वाट बघतो, मग डिस्कला रिसेट मारतो, ती उत्तर देत नाही, एमडी म्हणतो गेली. नासच्या (नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठी बनवलेल्या) डिस्क ७ सेकंदांत हात वर करतात, मग एमडी पॅरिटीवरून तो सेक्टर काढून परत लिहितो आणि गाडी पुढं. स्मार्टसीटीएल कमांडमधून एससीटीईआरसी (डिस्कनं किती वेळ प्रयत्न करायचा ती मर्यादा) ७०,७० असं सेट होतंय का बघा, ७० म्हणजे ७ सेकंद. डिस्क ऐकत नसेल तर उलटं करा, त्या डिस्कचा कर्नलमधला टाइमआउट १८० करा. बऱ्याच डिस्कवर बंद-चालू झालं की सेटिंग उडतं, म्हणून बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाकलेलं बरं. आणि डिस्क घेताना एसएमआर आहे का विचारा, दुकानदाराला माहीत नसतं, मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या कागदात बघा. २०२० साली गाजलं होतं हे, नाससाठी म्हणून विकलेल्या डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या होत्या. त्या डिस्कवर ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचे परत लिहायला लागतात, आणि रिशेपमध्ये लिहिणं सतत चालूच असतं. तिथं मिन-मॅक्स काही केलं तरी स्पीड हलत नाही.

तर स्टुडिओचा रिशेप झाला. मालक लगेच, "दाखवा की किती वाढलं." दाखवलं, ८ च टीबी. अ‍ॅरे वाढला म्हणून फाइलसिस्टिम वाढत नाही, तिला रिसाइज२एफएस सांगायला लागतं, ते चालू असतानाच होतं, आणि काही मिनिटांत १२ झाले (विंडोजवर तेच १०.९ टीबी दिसतं, त्यावर वेगळं दहा मिनिटं बोलायला लागलं). फार जुनी ईएक्सटी४ असेल आणि बनवताना ६४बिट फीचर नसेल तर १६ टीबीला जाऊन अडकते हे आत्ताच बघून ठेवा, पाचव्या-सहाव्या डिस्कच्या वेळी कळून उपयोग नाही. बिटमॅप काढला असेल तर परत लावा, तो असला की लाईट गेल्यावरचं रिसिंक काही मिनिटांत उरकतं, नसला तर आख्खी डिस्क. एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये डिस्कची संख्या लिहिलेली असेल तर बदला आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) अपडेट करा.

आणि शेवटी क्रॉनमधल्या त्या दोन ओळी काढा. डेबियनवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी अ‍ॅरेची तपासणी आपोआप सुरू होते (नव्या व्हर्जनमध्ये सिस्टिमडीचा टायमर आहे, वेळ बघून घ्या), ती पण याच मिन-मॅक्सनं चालते. ओळी तशाच राहिल्या तर रात्री मिन ५०००० ची तपासणी, आणि ऐन सीझनमध्ये शनिवारचं लग्न आटपून रात्री दोन वाजता कार्डं ओतायला आलेला पोरगा सर्व्हरसमोर डोक्याला हात लावून बसलेला. आमच्याकडं ओळी काढल्यात, मिन परत १००० वर आहे, आणि ती तपासणी मी सोमवारी पहाटेवर ढकललीय, सोमवारी स्टुडिओ बंद असतो.